बसस्थानकावर राहणारी पोरं अठरा वर्षांची होतात तेव्हा

फलाटावरून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्थानकावर नेमणूक आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या पोरांबद्दल लिहायचंय ती आजही तिथंच राहतात आणि त्यांना शोधत कोणी यावं असं मला वाटत नाही.

बोलायचंय ते लहान लेकरांबद्दल नाही. सहा-सात वर्षांचं लेकरू फलाटावर एकटं रडताना दिसलं की माणसं धावतात. माइकवरून पुकारा होतो, कोणीतरी मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर फिरवतं, पोलीस येतात. अडचण आहे ती पंधरा ते एकवीस या वयातल्या पोरांची. मिसरूड फुटलं की लोकांची दया संपते आणि संशय सुरू होतो. रात्री गस्तीची गाडी आली की ही पोरं उठून स्वच्छतागृहामागं जातात, गाडी गेली की परत येऊन झोपतात.

ती कुठून येतात हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात, पोरगं आजीजवळ राहतं. आजी वारते. पुढच्या हंगामात ते एकटंच घरी, मग चुलत्याच्या घरी, मग रस्त्यावर. बापानं कर्जापायी जीव दिला आणि आईला माहेरच्यांनी दुसरं घर करून दिलं, त्या घरात याला जागा नाही. बाप दारू पिऊन मारतो म्हणून पहिली गाडी धरून आलेली आहेत. पालावर वाढलेली आहेत, पाल हललं आणि हा मागं राहिला. दोघं-तिघं बालगृहातून पळून आलेली आहेत.

भीक मागणारं यांच्यात एकही नाही. लग्नसराईत कॅटरिंगवाल्याच्या हाताखाली वाढपी, उन्हाळ्यात रसवंतीवर, एरवी हॉटेलात भांडी, ट्रॅव्हल्सच्या गाड्या धुणं, मंडपाचे बांबू उचलणं. जून ते ऑक्टोबर हाल असतात. काम नाही, फलाट ओला, अंगात ताप.

त्यांच्यातल्या एकाचा हात मोडला होता. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. पहिला प्रश्न: नातेवाईक कोण? दुसरा: आधार कार्ड? सही मी केली, नात्याच्या रकान्यात "ओळखीचा" असं लिहिलं. प्लास्टर झालं. पण दीड महिना हात गळ्यात बांधून तो राहणार कुठं, हा प्रश्न केसपेपरवर कुठंच नव्हता. मालकानं दुसरा पोरगा ठेवला.

तेव्हापासून मी योजना शोधायला लागलो. वाचत गेलो तसं एक गोष्ट ध्यानात आली. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर आधार देण्याची तरतूद आहे, ती कलम ४६ मध्ये. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अशा तरुणाला महिन्याला ४००० रुपये देता येतात. पण हे सगळं संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. जो कधी संस्थेत गेलाच नाही, त्याच्यासाठी काय? बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये आहेत, पण त्याला सांभाळणारं कुटुंब लागतं. अनाथांसाठी राज्यात १ टक्का आरक्षण आहे, २०१८ पासून. त्याला आई-वडील दोघंही नाहीत हे दाखवणारं प्रमाणपत्र लागतं. माझ्या फलाटावरच्या बहुतेक पोरांचे आईबाप कुठंतरी जिवंत आहेत. कागदावर ती अनाथ नाहीत आणि प्रत्यक्षात त्यांना कोणी नाही.

मला वाटतं, आपल्याकडं योजना कमी नाहीत. प्रत्येक योजनेच्या दारात मात्र दोनच प्रश्न विचारले जातात: पालक कोण आणि पत्ता काय. ज्याच्याकडं या दोन्हीचं उत्तर नाही, त्याच्यासाठीच खरं तर ती योजना हवी.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या बसस्थानकाजवळ किंवा रेल्वे स्टेशनजवळ एक जागा हवी. तिथं आंघोळ, कुलूप लावता येईल असा कप्पा, कागदपत्रांसाठी चालेल असा पत्ता, आणि त्याच्या बाजूनं सही करायला अधिकार असलेला एक पगारी माणूस. वयाची अट एकवीसपर्यंत. आमच्याच बसस्थानकावर गाळे रिकामे पडून आहेत, जागेची अडचण आहे असं कोणी सांगू नये.

जाणकारांनी चुकतंय तिथं दुरुस्त करावं. आणि ज्यांनी या पोरांबरोबर काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

---

खडकपूर्णा

चांगला धागा. मी काही वर्षं बाल कल्याण समितीची (निराधार मुलांना कुठं ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) सदस्य होते, त्यामुळे दोन-तीन गोष्टी नेमक्या सांगते.

तुमच्या फलाटावर जे अजून अठराच्या आत आहेत, त्यांचं दार बंद झालेलं नाही. वय सतरा वर्षं अकरा महिने असलं तरी ते कायद्यानं बालकच आहे. कलम ३१ प्रमाणे त्याला समितीसमोर कोणीही नेऊ शकतं: पोलीस, चाइल्डलाइन, समाजसेवक, नर्स, तुमच्यासारखा सरकारी सेवेतला माणूस. आणि बालक स्वतःसुद्धा येऊ शकतं. हे फार थोड्यांना माहीत असतं. माझ्या काळात एक मुलगा स्वतःच्या पायानं आला होता, बाहेरच्या शिपायानं त्याला दोनदा परत लावला होता.

वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडत नाही. कलम ९४ मध्ये क्रम दिलाय: शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय तपासणी.

मुद्दा असा की, तो अठराच्या आत एकदा समितीच्या आदेशानं बालगृहात दाखल झाला तर अठरा झाल्यावर अनुरक्षणाला, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या मदतीला पात्र ठरतो. ती मदत एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेवीसपर्यंत. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलाबाबत "आता काय उपयोग, वर्षभरात मोठाच होणार" असं म्हणून सोडून देणं सगळ्यात नुकसानीचं. त्याचं ते एक वर्ष पुढच्या तीन-चार वर्षांची सोय करतं. मात्र कलम ४६ मधली मदत सक्तीची नाही, तिच्यासाठी पाठपुरावा करणारं कोणीतरी लागतं.

तुम्ही म्हणता तशी जागा कायद्यात आहे. कलम ४३, खुला निवारा. थोड्या काळासाठी, वस्तीच्या जवळ, मुलाला कोंडून न ठेवता. आपल्याकडं ती कल्पना मोठ्या शहरांत रुजली, जिल्ह्याच्या गावात नाही.

आता कटू बोलते. समितीनं महिन्यातले किमान वीस दिवस बसायला हवं असं कायदा सांगतो. पण समितीचे डोळे म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्ष. मुलाच्या घरची चौकशी तेच करतात. ती माणसं कंत्राटी आहेत, मानधन वेळेवर होत नाही, जिल्हाभर फिरायला गाडी नसते. अशा वेळी सगळ्यात सोपा निकाल कोणता? "पालकांच्या ताब्यात दिले." मारणाऱ्या बापाच्या ताब्यात मूल परत जातं आणि आठवड्यात पुन्हा तुमच्या फलाटावर येतं. यात क्रूरपणा कोणाचा नसतो, माणसंच पुरत नाहीत. तरी परिणाम तोच.

---

स्पष्टच बोलतो

मला हे पटत नाही, म्हणून लिहितो. माझं बसस्थानकासमोर हॉटेल आहे, ही पोरं मी रोज बघतो. नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन ओढतात, प्रवाशांचे मोबाइल जातात, रात्री भांडणं होतात. बालगृहात ठेवलं तरी पळून येतात. ज्याला राहायचंच नाही त्याच्यासाठी शासनानं किती करायचं? आमच्या घरची पदवी घेतलेली पोरं पुण्यात खोलीला भाडं नाही म्हणून परत आलीत, त्यांना कोण ४००० देतंय?

---

वाळूजकर

हॉटेलवाल्या भाऊंना सांगतो. मी बालगृहातून दोनदा पळालेला पोरगा आहे. आज वाळूजला कंपनीत ऑपरेटर आहे, खोली आहे, लग्न ठरायलंय.

पळालो का? पहिल्यांदा पळालो ते भुकेनं किंवा मारानं नाही. मला माझ्या बहिणीला भेटायचं होतं. ती मुलींच्या बालगृहात, दुसऱ्या जिल्ह्यात. अर्ज केला, म्हणले साहेब आल्यावर बघू. साहेब येईनात. मग मी गेलो. बहीण भेटली नाही, पोलीस भेटले. परत आणलं तव्हा माझ्या नावापुढं "पळण्याची सवय" असा शेरा पडला. तो शेरा शेवटपर्यंत गेला नाही.

दुसऱ्यांदा पळालो ते अठरा जवळ आल्यावर. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बालगृहात सतरा सरले की पोरं गप होतात. जेवत नाहीत नीट. सगळ्यांना तारीख माहीत असते. काका म्हणतात आता बघ बाबा तुझं तू. अनुरक्षण गृह म्हणून सरकारचं असतं, पण ते आपल्या जिल्ह्यात नसतं, दुसऱ्या विभागात जागा आहे का नाही तेही कोणी सांगत नाही. मला वाटलं, हाकलून देण्याआधी आपणच जावं. त्यात जो माझा हक्क होता तो गेला. वर धागाकर्त्यांनी लिहिलंय ते ४००० चं, ते मला आज समजायलंय.

फलाटावर मी सव्वा वर्ष काढलं असेल. सोल्युशन मी पण ओढलंय. का ओढतात ते सांगतो, भूक कळत नाही आणि थंडी कळत नाही. ते विकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते असं मला नंतर एका वकिलानं सांगितलं. मी एकाही दुकानदाराला धरलेलं बघितलं नाही. आम्हाला मात्र धरायचे.

काय हवं होतं विचाराल तर तीन गोष्टी. आंघोळीला जागा, कारण अंगाला वास आला की कामावर उभं करत नाहीत. कागद ठेवायला जागा, कारण माझी टी.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) पावसात भिजून गेली आणि तिथंच शिक्षण थांबलं. आणि आजारी पडल्यावर चार दिवस पडून राहायला जागा. जेवणाचं म्हणत नाही, जेवण माणूस कुठंतरी मिळवतो. नांदेडला होतो तव्हा गुरुद्वाऱ्याच्या लंगरनं जगवलं, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं.

---

मांजराकाठ

शहरी बेघरांच्या निवाऱ्यात व्यवस्थापक म्हणून काम करतो. (नगरपालिकेचा, संस्थेमार्फत चालवलेला.) सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशानंतर हे निवारे सुरू झाले आणि पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून पैसे आले. नियम असा की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर माणसांची सोय हवी, वर्षभर, चोवीस तास.

फलाटावरून यांनी लिहिलेली पोरं माझ्या दारात येतात. अठराच्या आतलं असेल तर मी ठेवू शकत नाही, समितीकडं पाठवावं लागतं. ते बरोबरच आहे, कारण आमच्याकडं रात्री दारू पिऊन येणारे असतात, मनोरुग्ण असतात, म्हातारी असतात. एका मोठ्या हॉलमध्ये सोळा वर्षांचं पोरगं ठेवणं धोक्याचं. पण अठरा ओलांडलेल्यालाही तोच हॉल. एकोणीस वर्षांचा पोरगा दोन रात्री राहतो, तिसऱ्या रात्री म्हणतो, काका, फलाट बरा. मी त्याला काय सांगू?

माझी सूचना: याच निवाऱ्यांत अठरा ते तेवीस वयासाठी वेगळी खोली करा. बारा-पंधरा खाटा, वेगळं दार. यासाठी नवा कायदा लागत नाही, नगरपालिकेचा ठराव पुरतो.

पत्त्याचं बोलतो. आधारसाठी विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, त्यावर राजपत्रित अधिकारी किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचा प्रमुख सही करू शकतो. ते प्रमाणपत्र तीन महिनेच चालतं, म्हणून सही झाली की लगेच केंद्रावर न्या. अठराच्या वर पहिल्यांदाच आधार काढायचा असेल तर तपासणी तहसीलकडून होते आणि त्याला सहा महिनेसुद्धा लागतात. म्हणून पोरगं सतरा वर्षांचं असतानाच हे उरका. २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं निराधार मुलांच्या आधार नोंदणीसाठी "साथी" मोहीम घेतली होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, तिथं जाऊन विचारा. बालकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

मतदार यादीत नाव घालायलाही घर लागत नाही. नमुना ६ भरताना जिथं झोपता ती जागा लिहायची, अधिकारी रात्री येऊन खात्री करतो. मतदार ओळखपत्र हातात आलं की पुढचे बरेच कागद हलतात.

---

बिंदुसरा

सगळा धागा मुलांवर चाललाय. फलाटावर मुली दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत असं कोणी समजू नये. मी बीडला वकिली करते.

आईबापाविना असलेली पंधरा वर्षांची मुलगी रस्त्यावर फार दिवस राहूच शकत नाही. तिचं लग्न लावलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के निघालं. राज्याचं २२ च्या आसपास आहे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते. आई नसलेल्या पुतणीला चुलता किती दिवस घरात ठेवेल? जोडी लावून देतो, एक तोंड कमी होतं. ज्या मुलीला खरं तर समितीसमोर यायला हवं होतं ती उसाच्या फडात जाते. तिथून ती सोळाव्या-सतराव्या वर्षी टाकून दिलेली परत येते, पोटात मूल घेऊन. ही आपल्याकडची बेघर तरुणी. ती कुठल्याच मोजणीत येत नाही, कारण कागदावर तिला सासर आहे.

सखी वन स्टॉप सेंटरला (संकटातल्या महिलांसाठीचं सरकारी मदत केंद्र) ती आली तर पाच दिवस राहू शकते. अठराच्या वर असेल तर पुढं शक्ती सदन हे निराधार महिलांचं निवारागृह, कमावती झाली तर सखी निवास हे नोकरदार महिलांचं वसतिगृह. नावं चांगली आहेत, जागा हाताच्या बोटांवर. आणि पाच दिवसांत कुठल्याही मुलीचं काहीही ठरत नाही. माझं म्हणणं, हा पाच दिवसांचा मुक्काम तरुण, एकट्या मुलींसाठी किमान तीन महिने करावा, आणि तिला भाड्यानं खोली मिळावी म्हणून महिला व बालविकास कार्यालयानं घरमालकाला पत्र द्यावं. एकट्या मुलीला कोणी खोली देत नाही. मी स्वतः जामीन राहून खोल्या मिळवून दिल्यात. वकिलाच्या ओळखीवर हे किती जणींचं होणार?

ज्या मुली हंगामी वसतिगृहात किंवा संत भगवानबाबा वसतिगृहांत आहेत त्या त्यातल्या त्यात सुरक्षित. पण हंगाम संपल्यावर, आईबाप परतल्यावर, त्या घरी जाणार हे गृहीत धरलेलं असतं. ज्यांचं कोणीच परतत नाही त्यांची वेगळी यादी शाळेनं करून समितीला द्यावी. ही यादी करायला एक पैसा लागत नाही.

---

सेलूचे गुरुजी

वाळूजकर, टी.सी. भिजली म्हणून शिक्षण थांबायला नको होतं. आजही थांबलेलं असेल तर वाचा. आठवीपर्यंत प्रवेशासाठी कागद अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. त्यापुढं बाहेरून दहावी-बारावीला बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. दाखल्याची मूळ प्रत नसेल तर शाळेतून दुसरी प्रत घ्यायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. नांदेड, लातूर, धाराशिव लातूर विभागीय मंडळाकडं, आपले बाकीचे पाच जिल्हे छत्रपती संभाजीनगरकडं. फॉर्म भरायची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, पावसाळ्यातच चौकशी सुरू करावी.

ज्यांचे आई-वडील दोघंही नाहीत त्यांनी अनाथ प्रमाणपत्र काढाच. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडं, प्रमाणपत्र विभागीय उपआयुक्त देतात. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर संस्थेत न राहिलेल्यांनाही ते मिळतं, आणि जुलै २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी अशा मुला-मुलींना पूर्ण माफ आहे. शाळाशाळांत हे सांगणारं कोणी नाही, म्हणून इथं लिहितो.

---

सास्तूरचा

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात आमचं घर पडलं. मी तेव्हा शाळकरी होतो, आईवडील वाचले. माझ्या वर्गातल्या ज्यांचे गेले त्यांच्यापैकी काही पुण्याला वाघोलीला गेले, भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० लेकरं तिथं शिकवली. काही नळदुर्गच्या "आपलं घर"मध्ये राहिली, राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी ते उभं केलं. त्या पिढीतले मित्र आज नोकरीला आहेत, शेती करतात, त्यांची लेकरं कॉलेजात आहेत. माझ्या मते त्याचं कारण एकच. अठरा झाले म्हणून त्यांना कोणी गेट दाखवलं नाही. सुट्टीत जायला, लग्न ठरवायला, बाळंतपणाला ते ठिकाण होतं.

हासेगावच्या सेवालयाचं उदाहरण तर अगदी याच प्रश्नाचं आहे. एचआयव्हीसह जगणारी लेकरं तिथं मोठी झाली, आणि अठरानंतर ती जाणार कुठं म्हणून शेजारीच हॅपी इंडियन व्हिलेज उभं राहिलं. तिथं ती काम करतात, लग्नं होतात. बीड जिल्ह्यात आर्वीचं शांतिवन, गेवराईचं बालग्राम. म्हणजे मराठवाड्याला हे कसं करायचं ते माहीत आहे. फक्त हे सगळं देणग्यांवर आणि एकेका जोडप्याच्या आयुष्यावर उभं आहे. भूकंप झाला तेव्हा सगळा देश धावला. इथं रोज एकेक घर पडतं, त्याचा आवाज होत नाही. ते काम सरकारनं पगारी माणसांकरवी करायला हवं, कोणाच्या पुण्याईवर सोडायला नको.

---

फलाटावरून

सगळ्यांचे मनापासून आभार. वाळूजकर, तुमचा प्रतिसाद मी ड्युटीवर वाचला आणि दोन पोरांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यातला एक सतराचा आहे, त्यानं समितीसमोर जायची तयारी दाखवलीय. अट एकच, बापाकडं पाठवणार नाहीत ना? खडकपूर्णा ताई, याचं उत्तर मला हवंय, त्याला खोटं सांगायचं नाही.

बाकी असं ठरवलंय. जिल्हाधिकाऱ्यांकडं महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात निवेदन द्यायचं. मागण्या या धाग्यातूनच घेतो. बसस्थानकातला एक गाळा खुल्या निवाऱ्यासाठी. बेघर निवाऱ्यात अठरा ते तेवीससाठी वेगळी खोली. बिंदुसरा ताईंनी सांगितलेली शाळांची यादी आणि सखी केंद्रातला मुक्काम वाढवणं. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी ३ टक्के निधी राखून ठेवलेला असतो, गाळ्याचा खर्च त्यातून मागता येईल. निवेदनावर सह्या फलाटावरच्या पोरांच्या असाव्यात असं मला वाटतं, आपल्या नंतर.

---

खडकपूर्णा

उत्तर देते. पाठवणार नाहीत अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, पण त्याचं म्हणणं नोंदवून घेणं समितीला बंधनकारक आहे. त्यानं मारहाण, तारखा नाही आठवल्या तरी प्रसंग, अंगावरच्या खुणा, शाळा कधी सुटली, हे सगळं आधीच एका कागदावर लिहून न्यावं. तोंडी सांगताना पोरं गडबडतात. सोबत तुम्ही जा आणि तुम्ही काय बघितलंत ते वेगळ्या कागदावर सहीनिशी द्या. निर्णय चुकीचा वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडं समितीबद्दल तक्रार करता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी आणखी वाढलीय. शक्य असेल तर बहीण-भाऊ कुठं आहेत का हेही त्याला विचारा. वाळूजकरांच्या बाबतीत घडलं ते पुन्हा घडू नये.

---

स्पष्टच बोलतो

सगळं वाचलं. चोऱ्या होतात हे मी मागं घेणार नाही, ते खरं आहे. पण वाळूजकरांनी आंघोळीचं लिहिलं ते बरोबर आहे, मी स्वतः अंगाच्या वासावरून पोरं परत पाठवलीत. माझ्या हॉटेलच्या मागं नळ आहे आणि एक कोठी रिकामी आहे. अठरा पूर्ण असलेला, आधार असलेला एखादा असेल तर कामावर घेतो. आधार नसेल तर पोलीस पडताळणीत मला त्रास होतो, म्हणून ते आधी करा. पगार बाकीच्यांना देतो तेवढाच देईन. कोणाला सांगू?

---

वाळूजकर

भाऊ, मला सांगा. एक पोरगा आहे, एकोणीस चालू आहे, आधार मागच्याच महिन्यात हातात पडलंय. भाकरी-भाजी दोन्ही येतं त्याला. रविवारी मी गावाकडं येतो तव्हा घेऊन येतो.

एक विनंती. पगार माझ्या हातात नको, त्याच्या खात्यात टाका, खातं आपण सोमवारी काढू. कोठीला आतून कडी बसवा. आणि पहिल्या महिन्यात एखाद्या दिवशी आला नाही तर लगेच काढू नका, मला फोन करा.

---

मांजराकाठ

खातं काढायला जाताना आधारसोबत दोन फोटो न्या आणि पत्ता हॉटेलचा द्यायचा की निवाऱ्याचा ते आधी ठरवा. दोन ठिकाणी दोन पत्ते झाले की पुढं शिधापत्रिकेला अडतं. निवाऱ्याचा द्यायचा असेल तर मला कळवा, पत्र तयार ठेवतो.